ढिली तार

पोटातल्या विजेच्या लहरी मोजायच्या प्रयोगाला माणसं मिळेनात, म्हणून सरांनी स्वतःच्या लेकीलाच प्रयोगशाळेत आणून झोपवलं. पोटावर तारा चिकटवल्या. पडद्यावर लहरी संथ उमटायच्या आणि मध्येच विस्कटायच्या.

"हलू नकोस म्हणून दहादा सांगितलं ना!" सर खेकसायचे. "नाहीतर तार ढिली असेल." तार बदलली, मशीन बदललं, फरक शून्य.

शेवटी सहायक बाई चाचरत म्हणाल्या, "सर, तुम्ही जरा बाहेर थांबता का?"

काचेपलीकडून सरांनी पाहिलं. लहरी एका लयीत चालल्या होत्या. लेकीला शाब्बास म्हणावं म्हणून ते दाराकडे निघाले. बूट वाजले, आणि दार उघडायच्या आतच लहरी विस्कटल्या.



सरांनी बूट काढून हातात घेतले आणि अनवाणीच मागे फिरले.