बोंबीलपाड्याचा पत्ता

नाक्यावर 'पर्ल बे' अशी चकचकीत पाटी चढत होती. "बोंबीलपाडा म्हटलं की लोक नाक मुरडतात," नव्या टॉवरचे अध्यक्ष कर्णिक म्हणाले. "आता जरा प्रतिष्ठा येईल."

सुकी मासळी विकणाऱ्या मथुराबाई वैतींनी डोक्यावरची टोपली उतरवली आणि शिडी घट्ट धरली. "आमचं नाव पुसून? ही पाटी नाय लागनार." पाड्यातल्या बायका त्यांच्यामागे येऊन उभ्या राहिल्या.

"पोलिसांना बोलावतो!"

"बोलवा की."

कर्णिकांनी तावातावाने फोन लावला. "ताबडतोब पर्ल बेला या." ते कुठे आलं, हे पलीकडच्या हवालदाराला कळेना. खाडी, टॉवर, सगळं सांगून झालं. शेवटी कर्णिक पाठ फिरवून हळूच म्हणाले, "बोंबीलपाडा."

"मोठ्यानं बोला, सायेब," मथुराबाई म्हणाल्या. "तुमचंबी गाव तेच हाय."