उजवी पाकळी

गुरवाने ओल्या बोटाने देवीच्या पाषाणावर दोन पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली, तर देवळात झाडलोट करणारी भागीरथी चोर. डावी पडली, तर निर्दोष. देवीचा चांदीचा मुकुट चार दिवसांपासून गायब होता आणि मानकऱ्यांनी कौल लावायचं ठरवलं होतं.

मुकुट कुठे आहे, ते गुरवाला सकाळीच कळलं होतं. आप्पांच्या, त्याच्या वडिलांच्याच, ट्रंकेत धोतराखाली. कॉलेजात ग्रीक तत्त्वज्ञान शिकणारी त्याची मुलगी तेव्हा शेजारीच उभी होती.

"बाबा, देवी सांगते म्हणून ते खरं, की खरं असतं म्हणून देवी सांगते?"

"देवीची परीक्षा बघू नकोस," म्हणत त्याने ट्रंक बंद केली होती. देवीच भागीरथीला सोडवेल, मग बापाचं नाव घ्यायची वेळ येणार नाही, एवढीच त्याची आशा होती.

पाकळ्या हलेनात. "मी नाही घेतला," म्हणत भागीरथी हात जोडून उभी होती. मानकऱ्यांत बसलेले आप्पा डोळे मिटून जपमाळ ओढत होते.

उजवी पाकळी घसरली आणि खाली पडली.

"झाला कौल!" एक मानकरी ओरडला. भागीरथी मटकन खाली बसली.

गुरवाने खांबापाशी उभ्या असलेल्या मुलीकडे पाहिलं. मग तो मानकऱ्यांकडे वळला.

"मुकुट हिने नाही घेतला. तो आमच्या घरी आहे. आप्पांच्या ट्रंकेत."

मानकरी ताडकन उठला. "म्हणजे देवी खोटं बोलली?"

"ते मला ठाऊक नाही," गुरव म्हणाला. "भागीरथी खरं बोलते, एवढं ठाऊक आहे."