बापाची मोजणी

"जवळ आणू नको तिला! माझ्या अंगात किरण हायेत," म्हणत जगन मागे सरकला, तो थेट कुडाला जाऊन टेकला.

वेणूने पुढे केलेली माघी, त्यांची महिन्याभराची लेक, तशीच तिच्या हातात राहिली. जगन तारापूरच्या अणुवीज केंद्रात ठेकेदाराकडे रंगकामाला होता. रंगवायचा काय, तर बाहेरचं कुंपण आणि गाड्या लावायची शेड. पण आपल्या गावी, साखरशेतात, पाऊल टाकलं की ऐट अशी, जणू साऱ्या मुंबईची वीज हाच पाठवतो. होळीला घरी आला, लेक पहिल्यांदाच बघितली, आणि तेव्हापासून तिला बोटसुद्धा लावलं नव्हतं. तिच्या झोळीचा दोर सारखा ओढून बघायचा, खाली पेंढा पसरायचा आणि दाराशी जाऊन बसायचा.

सुरुवातीला वेणूला ते खरंच वाटलं. नवऱ्याची काळजीही वाटली. पण होळीपुढे हाच बुवा शेजारची पोरं खांद्यावर घेऊन नाचला. आईच्या ताटात जेवला. बायकोला तर एक घटका सोडत नव्हता. मग हे किरण एकट्या लेकीलाच कसे लागतात? मुलगी झाली म्हणून नाक मुरडतोय, दुसरं काय, असं तिच्या मनाने घेतलं आणि तिला अन्न गोड लागेना. तिने दाभोशाला माहेरी जायचं ठरवलं. कपडे पिशवीत भरून झाले होते. जीप यायची तेवढी वाट होती.

जीप आली, पण ती दाभोशाची नव्हती. तिच्यातून अणुवीज केंद्राच्या नीता मॅडम उतरल्या. माती-दगडातून आणि आभाळातून रोजच सगळीकडे थोडे थोडे किरण येत असतात. केंद्रापासून लांबच्या गावांत ते किती, हे मोजायचं त्यांचं काम. अंगणाच्या मधोमध त्यांनी हातातलं यंत्र धरलं. ते सावकाश टिकटिकू लागलं.

वेणू सरळ त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"म्याडम, माझा नवरा मोजा."

मॅडमना हसू आलं. पण वेणूचे भरलेले डोळे दिसले आणि ते विरलं. जगनला वेणूनेच दंडाला धरून अंगणात आणलं. यंत्र त्याच्या छातीवरून फिरलं, पाठीवरून फिरलं, दोन्ही हातांवरून फिरलं.

"पोटाशीबी धरा," त्याची आई कोंडी ओट्यावरून म्हणाली, "काल ताडी लय गेलीय आत."

टिकटिक होती तशीच राहिली.

"अंगणात जेवढे, तेवढेच यांच्याजवळ," मॅडम म्हणाल्या. "काही नाही झालेलं. घ्या की लेकीला खुशाल."

दुसरा कुणी असता तर सुटलो म्हणाला असता. जगनचा चेहरा मात्र पार पडला. वेणूने ते बघितलं आणि तिचा उरलासुरला धीर सुटला.

"आता काय सांगशील?" ती म्हणाली. "पोरगी नको व्हती, असं तोंडाने बोल. मंग मी जाते."

जगन मटकन खाली बसला. एरवी ताडाच्या शेंड्यावर सरसर चढणारा गडी! रंगाने माखून माखून राठ झालेले आपले हात त्याने उलटसुलट करून बघितले. मॅडमनी हळूच यंत्र बंद केलं.

"नको कशी व्हईल गं?" तो म्हणाला. "एवढीशी हाय ती. माझ्या हातून पडली तं?"