शिवडीचा रक्तदाता

साडेचार वाजता हॉस्पिटलमधून फोन आला, की आता रक्त नको.

कमलताईंनी रिसीव्हर सावकाश खाली ठेवला. "गेली रे," त्या म्हणाल्या. "बाळ तेवढं वाचलंय."

हितेंद्रनं कॉम्प्युटरवरून नजर वर केली. लालबागमधल्या एका चाळीच्या तळमजल्यावरच्या या खोलीत दुर्मीळ रक्तगटाच्या लोकांची यादी ठेवणारी छोटी संस्था होती. कमलताई ती सांभाळायच्या. हितेंद्र लोअर परळला नोकरी करायचा आणि शनिवारी येऊन इथला कॉम्प्युटर बघायचा. त्याच कॉम्प्युटरवर संस्थेची वेबसाइट चालायची, आणि सगळी नावं जिच्यात होती ती अ‍ॅक्सेस प्रोग्रॅमची एकुलती एक फाइलही त्याच्यातच.

परळच्या हॉस्पिटलात अक्षदा नावाची चोवीस वर्षांची बाळंतीण होती. बाँबे ब्लड ग्रुप. दुसरं कुठलंच रक्त तिला चालणार नव्हतं. यादीत या गटाचे मुंबईतले सात जण होते. दोघांनी गेल्याच महिन्यात रक्त दिलेलं. एक काविळीनं आजारी, एक दुबईला. दोघांचे नंबर बदललेले. सातवी, मुलुंडची बाई, दुपारी येऊन एक पिशवी देऊन गेली. ती पुरली नाही.

दार ढकलून एक माणूस आत आला. पन्नाशीचा, काळासावळा, शर्टाची डावी बाही कोपरापर्यंत वर केलेली.

"मी धर्मा. शिवडी कोळीवाडा. बाँबे ग्रुप आहे माझा. हॉस्पिटलात कुठल्या गेटनं जायचं सांगा, टॅक्सी उभी ठेवलीय."

कमलताई उठून उभ्या राहिल्या. "दादा, बसा तुम्ही."

"बसत नाय. पोरगी सीरियस आहे ना?"

"आत्ताच फोन आला. ती गेली."

धर्मा उभाच राहिला. त्यानं बाही खाली घेतली, पण बटण काही लागेना.

"मला फोन का नाय केला तुम्ही?" त्यानं विचारलं. "मी सकाळपासून घरीच होतो, जाळं शिवत. आत्ता कोणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलं तेव्हा कळलं."

"तुमचं नाव आमच्याकडे नाही हो."

"नाय कसं? रक्तदानाच्या कॅम्पात डॉक्टर बोलले, तुमचं रक्त लाखात एक, नाव देऊन ठेवा. जूनमध्ये आमच्या दिशानं फॉर्म भरला. हे बघा." त्यानं मोबाइल पुढे केला. मुलीनं काढून ठेवलेला स्क्रीनचा फोटो होता. हिरव्या चौकटीत लिहिलं होतं : धन्यवाद! आपली नोंद झाली आहे.

कमलताईंनी चष्मा लावून फाइलमध्ये पुन्हा नाव शोधलं. धर्मा नव्हता. जूनमध्ये शिवडीचं कोणीच नव्हतं.

"हितेंद्र, माझ्या हातून पुसलं गेलं काय रे?"

हो म्हणणं सोपं होतं. बासष्ट वर्षांची बाई, कॉम्प्युटर पन्नाशीनंतर शिकलेली. कुणीही विश्वास ठेवला असता. तिनंसुद्धा.

"नाही ताई," हितेंद्र म्हणाला. "माझ्यामुळे झालं."

त्यानं स्क्रीनवरच्या उघड्या फाइलकडे बोट दाखवलं.

"तुम्ही इथे फाइल उघडलीत की वेबसाइटला तिच्यात लिहिता येत नाही. तेवढ्या वेळात कोणी फॉर्म भरला, तर तो कुठेच नोंदला जात नाही."

"पण मी तर सकाळी अकराला उघडते, ती संध्याकाळपर्यंत उघडीच असते!"

"माहितेय. आधी अशा वेळी लाल अक्षरात इंग्रजी मेसेज यायचा. गेल्या दिवाळीत संस्थेच्या अध्यक्षांनी तो बघितला. म्हणाले, लोकांना असलं काही दिसता कामा नये. मी मेसेज काढला. काहीही झालं तरी धन्यवाद दिसेल असं केलं. म्हटलं, पुढच्या शनिवारी बसून नीट करू." तो थांबला. "मग राहिलंच ते."

"म्हणजे मी इथनं दहा मिनिटांवर होतो," धर्मा म्हणाला. त्यात राग नव्हता. तो फक्त अंतर मोजत असल्यासारखा बोलला, आणि मग स्टुलावर बसला.

बाहेर टॅक्सीवाला हॉर्न वाजवत होता. कोणी उठलं नाही.

"आणखी किती असतील रे असे?" कमलताईंनी विचारलं.

हितेंद्रनं सर्व्हरची नोंदवही उघडली. वेबसाइटवर कधी फॉर्म भरला गेला, ते कॉम्प्युटर आपला आपणच तिच्यात लिहून ठेवतो. दिवाळीपासून किती फॉर्म आले ते त्यानं मोजलं, मग फाइलमधली नावं मोजली. पुन्हा एकदा मोजलं.

"बारा. यांना धरून."

"मग काढ ना नावं! आत्ता फोन लावूया सगळ्यांना."

"नावं नाहीत ताई. फक्त तारीख आणि वेळ आहे."

कमलताईंनी कॉम्प्युटर बंद केला. कपाटातून एक कोरी वही काढली, समासाची रेघ मारली.

"सांगा दादा. नाव, पत्ता, मोबाइल."

धर्मानं सांगितलं. त्यांनी ठळक अक्षरात लिहिलं आणि नावापुढे १ हा आकडा घातला. मग न थांबता त्या खालच्या कोऱ्या ओळींवर दोन, तीन, चार असे आकडे घालत गेल्या, बारापर्यंत.