डावा बूट

“डाव्याला तुझा पाण्याचा गम, उजव्याला आपलं सोल्युशन,” शेठ म्हणाला. “दोन महिने ओढ्यापाण्यातून पळवायचे. डावा उघडला, तर हा विषय परत काढायचा नाही.”

कारखान्यात सोल चिकटवणाऱ्या आम्रपालीने मान डोलावली.

महाडच्या एमआयडीसीतल्या त्या शेडमध्ये परदेशी गिऱ्हाइकासाठी पळायचे बूट बनत. जुन्या टायरचा चुरा दाबून केलेला सोल, वर सुती कॅनव्हास, चामड्याचा तुकडाही नाही. खोक्यावर हिरवं पान छापलेलं आणि त्याखाली लिहिलेलं, की हा बूट बनवताना कुणालाही इजा झालेली नाही. ती खोकी मीना भरायची. आधी ती सोल चिकटवायची. दोन वर्षं सोल्युशनचा वास घेऊन आणि ब्रश धरून तिची बोटं बधिर झाली. ब्लाउजचे हूक आता तिची सासू लावून द्यायची. शेठने मीनाला खोक्यांवर बसवलं आणि तिच्या जागी दुसरी बाई आणली. इजेचा प्रश्न त्याच्यापुरता मिटला.

पाण्याच्या गमाने बोटं जात नव्हती. गिऱ्हाइकानेच त्याचे दोन डबे नमुन्याला पाठवले होते आणि ते सहा महिने कपाटात पडून होते. आम्रपालीने ते काढायला लावले. गिऱ्हाईक आलं की मीनाचे हात त्याच्यापुढे धरीन, असं तिने शेठला तोंडावर ऐकवलं. तेव्हा शेठने ही परीक्षा काढली. पाण्याचा गम पाण्यात टिकणार नाही, अशी त्याची खात्री होती. हे बूट घालून लोक डांबरी रस्त्यावर पळतात, ओढ्यात कुणी उतरत नाही, हेही त्याला ठाऊक होतं.

नजर ठेवायचं काम सुशांतकडे आलं. सुशांत सुपरवायझर, पुण्यात शिकलेला, खोटं न लिहिणारा. पळायला कोण, म्हणून त्याने पोलीसभरतीची तयारी करणारी दोन-तीन नावं काढली. आम्रपाली म्हणाली, ती मंडळी मैदानावर पळतात, त्यांना ओढा कुठला? पोलादपूरच्या वर डोंगरात गवळ्यांची वाडी आहे. तिचे वडील तिथे मास्तर होते. तिथला सखा रोज सकाळी दुधाची किटली घेऊन आठ किलोमीटर उतरतो. चालत नाही, पळतो. वाटेत एकच ओढा चार वेळा आडवा येतो.

चार वेळा म्हटल्यावर शेठने लगेच होकार दिला.

सखाने बूट आधी हुंगले, मग छातीशी धरले. चाळिशीपर्यंत त्याच्या पायांनी टायरच्या चपलेपलीकडे काही पाहिलं नव्हतं. एवढे भारी बूट आपल्याकडून खराब झाले तर काय, याचीच त्याला धास्ती.

“नेहमी येतोस तसाच ये,” आम्रपाली म्हणाली. “बुटांसाठी काही बदलू नको.”

“बरं, बाय. तसाच येतो.”

सुशांत दर शनिवारी, न सांगता, मोटारसायकलवरून पोलादपूरच्या डेअरीवर जाऊन उभा राही. पाऊस सरला होता, पण ओढा अजून भरून वाहत होता. सखा पळतच येई. डोक्यावर किटली, चड्डी मांडीपर्यंत निथळणारी, पायांत बूट, बुटांवर वाटेची लाल धूळ. खेप चुकली का, पाणी किती होतं, सगळं सुशांत खोदून विचारी. एकदा तर, वर कुठे पुलावरून येत नाहीस ना, असंही विचारलं.

“पूल?” सखा म्हणाला. “आमच्या वाडीला आधी रस्ता तरी द्या सायेब, मग पुलाचं इचारा.”

डेअरीवरची माणसं हसली. सुशांत ओशाळला, आणि हात पाठीमागे बांधून, कमरेत वाकून दोन्ही बुटांच्या कडा न्याहाळू लागला. दुसऱ्याच्या पायातल्या वहाणेला हात लावायचा, असं त्याच्या घरात पिढ्यानपिढ्या कुणी केलं नव्हतं. डोळ्यांना दिसलं ते त्याने डायरीत लिहिलं. डावा शाबूत, उजवा शाबूत.

नऊ शनिवार त्याने तेच लिहिलं.

दोन महिने भरले तेव्हा बूट शेठच्या टेबलावर आले, खाली वर्तमानपत्र अंथरून. टाचा झिजल्या होत्या, कॅनव्हास विटला होता. शेठनेही हात पुढे केला नाही. आम्रपालीने पोस्टकार्ड घेतलं आणि त्याची कड डाव्या बुटाच्या सोलवरून, मग उजव्याच्या सोलवरून सगळीकडे फिरवली. कुठेच आत शिरली नाही.

शेठने सुशांतकडे पाहिलं. “ओढ्यातूनच आला ना हा?”

“सर, दर वेळी मांडीपर्यंत भिजलेला. मी स्वतः पाहिलंय.”

शेठ डायरी चाळत बसला. आठवड्याने गिऱ्हाईक येणार होतं आणि सबंध शेडने शेठची अट ऐकली होती. त्याने पाण्याच्या गमाच्या ऑर्डरवर सही केली. दोन दिवसांनी सोल्युशनचे ड्रम ट्रकवर चढले. मीना दारात उभी राहून बघत होती. ट्रक फाटकाबाहेर गेला तशी ती वळली आणि आम्रपालीच्या खांद्यावर तिने आपला बधिर हात ठेवला.

रविवारी आम्रपाली सखासाठी नवा जोड घेऊन पोलादपूरला गेली. दूध घालून परत निघालेला सखा डेअरीवर भेटला. त्याने तिथेच बूट पायांत चढवले आणि दोघं वाडीच्या वाटेला लागली. ओढ्याशी आल्यावर तो दगडावर बसला. बूट काढले, नाड्या एकमेकींना बांधल्या, ते गळ्यात अडकवले आणि अनवाणी पाण्यात उतरला. लहानपणी वडिलांबरोबर शाळेला जाताना आम्रपालीने या वाडीतल्या माणसांना असंच ओढा ओलांडताना पाहिलं होतं. तिनेही आपल्या चपला काढून काखेत मारल्या आणि त्याच्यामागे गेली.

पलीकडे पोचल्यावर टॉवेलने पाय कोरडे करता करता सखाने विचारलं, “तू सांगितलंस तसाच आलो ना गो बाय, रोज?”

“तसाच,” आम्रपाली म्हणाली.