हिरव्या कोटाची काजं

"काजं लाल आहेत, मास्तर. कोट हिरवा आहे. आणि उद्या लग्न माझं आहे."

गिऱ्हाइकाने कोट टेबलावर आपटला. शिंपी आजोबांनी चष्मा पुसला आणि नातवाकडे पाहिलं.

"ऊठ मशीनवरून. उद्यापासून दुकानात पाय ठेवायचा नाही."

"पण आजोबा, शेवटची नजर तुम्हीच टाकलीत ना!"

"मी टाका बघतो. रंग काय बघायचा असतो?"

नातू लेकीचा. चार वर्षं शिकलेला. हाताला सफाई. दुकान त्यालाच मिळायचं होतं. (होतं.)

दुकानाचा नियम एकच: मशीनवर बसलेल्याने उठायचं नाही, धागा आजी काढून देणार. पण आजीचा गुडघा धरला होता. आठवडाभर ती घरी. म्हणून कपाटाची किल्ली तिने नातवाकडे दिली आणि रीळ त्याने स्वतः उचललं.

संध्याकाळी आजोबा जावयावर घसरले.

"आमच्या सात पिढ्यांत असा कोणी नव्हता. हे तुमच्याकडचं!"

"असेल," जावई म्हणाला. पंचवीस वर्षं तो हेच म्हणत आला होता.

लेक मात्र भडकली. "डोळ्यांचा दोष असेल तर कोणाकडचा, ते डॉक्टरच सांगतील!" दुसऱ्या दिवशी सगळं घर, लंगडत्या आजीसकट, डोळ्यांच्या डॉक्टरकडे.

डॉक्टरबाईंनी रंगीत ठिपक्यांचं पुस्तक उघडलं. "यात आकडा दिसतो?"

"ठिपके दिसतात," नातू म्हणाला.

रंगांधळेपणा.

"बघा!" आजोबा जावयाकडे वळले.

"त्यांचा काही संबंध नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "ज्या गुणसूत्रावर हा दोष असतो, ते मुलाला फक्त आईकडून मिळतं. वडिलांकडून नाहीच."

"अहो, पण याच्या आईला तर लख्ख दिसतं!" आजोबा म्हणाले.

"तिच्याकडे तशी दोन आहेत. एक बिघडलेलं असलं तरी दुसरं निभावून नेतं. मुलाकडे एकच. आता प्रश्न असा, तिला ते बिघडलेलं दिलं कोणी? आजोबा, जरा पुढे या."

आजोबांनी पान पाहिलं. उलटं धरून पाहिलं. दुसरं पान. तिसरं.

"पुस्तक जुनं झालंय तुमचं. आकडे पुसलेत."



जावई खोकला. खोकला चांगला लांबला.

आजोबा सावकाश आजीकडे वळले.

"म्हणजे पन्नास वर्षं मी…"

"शिवलंत की. झकास शिवलंत."

"तुला माहीत होतं?"

"लग्नाच्या तिसऱ्या दिवशी कळलं. हिरवी म्हणून तुम्ही मला लालभडक शाल आणलीत. चौथ्या दिवशी मी धाग्याच्या कपाटाची किल्ली कमरेला लावली."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही कात्री खाली ठेवली असती."

आजोबांनी पुस्तक मिटलं. मग हळूहळू छाती फुगली. मिशी सरळ झाली. ते बाहेर ताटकळलेल्या पेशंटांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"म्हणजे पोरगा थेट माझ्यावर गेलाय! उद्या सकाळी दुकान तूच उघड रे. दुकान तुझं!"

आजी गुडघा चोळत उठली.

"उघडेल हो. पण आधी माझ्यावर कोण गेलंय, ते शोधा."