पत्नीस समजले

मेलेल्या घड्याळजींनी आजही आपली फाईल उघडली होती. दुपारी चार वाजून दोन मिनिटांनी. दवाखान्याच्या कॉम्प्युटरपुढे बसलेल्या नोंदताईने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. नाव तेच, वय तेच. पाच महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी ज्यांच्या मृत्यूचा दाखला लिहिला, ते घड्याळजी गेले नऊ दिवस रोज चारच्या सुमारास घरबसल्या आपलं दुखणं वाचत होते. तिच्या अंगावर सर्रकन काटा आला.

"ताई, उघडली का हो कुणी?" डॉक्टरांनी आतून विचारलं. महिनाभर त्यांना दुसरा प्रश्न सुचत नव्हता.

सुचणार कसा? सरकारने नियमच बदलला होता. आधी कसं सोपं होतं. रुग्णांच्या फायली कॉम्प्युटरवर ठेवायच्या, प्रत्येक फाईलमधला 'समजावून सांगितले' हा रकाना भरायचा, की दवाखान्याला अनुदान मिळालंच. मग वर कुणाला तरी जाग आली. नुसते भरलेले रकाने नकोत म्हणे, रुग्णाने आपली फाईल आपण उघडून वाचली पाहिजे. फार नाही, तिमाहीत निदान एकाने. पण चार हजारांत एक मिळेल तर शपथ! कुणी पासवर्ड विसरलेलं, कुणी पासवर्डची चिठ्ठीच हरवलेली. एका आजोबांनी तर "माझं दुखणं मला ठाऊक आहे, वाचायचंय काय त्यात?" म्हणून तिलाच झापलं. अनुदान गेलं तर कॉम्प्युटरवरची जागा जाणार, म्हणजे नोंदताई घरी बसणार. आणि घरात कमावणारी ती एकटी होती.

तिने चाचरत नाव सांगितलं. डॉक्टरांनी बाहेर येऊन पडद्यावरचं नाव स्वतः वाचलं. मग म्हणाले, "रुग्ण हयात हवा असं नियमात कुठे लिहिलंय? एक हवा होता, एक मिळाला. तुम्ही आता गप्प राहा."

ती दोन दिवस गप्प राहिली. पण रोज चारच्या सुमारास ते नाव पडद्यावर येतच होतं. तिसऱ्या दिवशी तिने अर्धी रजा टाकली आणि घड्याळजींच्या दुकानाकडे निघाली. भूत असेल तर असेल, एकदाचं बघू तरी!

दुकानाचं शटर अर्धं वर होतं. लोकांनी दुरुस्तीला टाकलेली घड्याळं नावांच्या चिठ्ठ्यांसकट तशीच पडून होती. त्यांच्या मागे घड्याळजींची बायको मोबाइल नाकाशी धरून बसली होती.

"ये गं. तू दवाखान्यातली नोंदताई ना?" काकू म्हणाल्या. "यांच्या डबीत तुझी चिठ्ठी सापडली. पासवर्ड तूच लिहून दिला होतास."

नोंदताईने हुश्श केलं. कसलं भूत नि कसलं काय! तिला स्वतःचंच हसू आलं. स्टूल ओढून ती बसली.

"पण रोज काय वाचता, काकू?"

काकूंनी मोबाइल तिच्यापुढे धरला. सोमवारच्या तपासणीखाली एकच ओळ होती. 'छातीत दुखल्यास ताबडतोब मोठ्या दवाखान्यात न्यावे, हे पत्नीस समजावून सांगितले. पत्नीस समजले.'

"मंगळवारी पहाटे हे म्हणाले, छातीत दुखतंय," काकू म्हणाल्या. "मी म्हटलं, पित्त असेल, पडून राहा. पाठ चोळत बसले मी, वेडी! उजाडायच्या आत हे गेले. आणि इथे लिहिलंय की मला सांगितलं होतं. मला समजलं होतं. मला आठवतच नाही गं. रोज वाचते. म्हटलं, वाचता वाचता आठवेल कधीतरी. मुलगा म्हणाला, आई, लिहिलंय म्हणजे सांगितलंच असणार. तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही."

नोंदताईने ती ओळ पुन्हा वाचली. तिला तो शनिवार आठवला, तिमाहीचा शेवटचा. दोनशे रकाने रिकामे होते आणि डॉक्टर लवकर घरी गेले होते. एक तयार वाक्य होतं, ते उचलून दोनशे ठिकाणी डकवायचं. सोबत बायको असेल तर 'पत्नीस', मुलगा असेल तर 'मुलास'. नावं कोण बघतंय? सगळे दवाखाने असेच रकाने भरायचे. त्याला खोटं म्हणतात हे तिच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. उलट चहा पिता पिता ती सिस्टरला म्हणाली होती, "हे वाचणार आहे कोण?"

काकूंनी तिचा हात घट्ट धरला.

"तू तिथेच बसली होतीस. मला खरं सांग. डॉक्टरांनी मला सांगितलं होतं ना?"

नुसतं 'हो' म्हणायचं होतं. नोकरी टिकली असती, डॉक्टरांची अब्रू राहिली असती. काकूंनी ते 'हो' निमूट पदरात घेतलं असतं आणि उद्या चार वाजता पुन्हा मोबाइल उघडला असता. परवाही. नोंदताईला रडू आवरेना.

"नाही हो काकू," ती म्हणाली, "तुम्हाला कुणी काही सांगितलंच नव्हतं. ती ओळ मी लिहिली, शनिवारी. तेव्हा काकांना जाऊन चार दिवस झाले होते."